सकाळी लागतं, रात्री का लागत नाही?

यावेळचं पत्र इंदूरहून आहे, सुदामानगरातल्या एका ताईंचं. बरंच मोठं आहे म्हणून मुद्द्याचं तेवढं देते. ताई घरून डीटीपी करतात, लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका असं. जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर खाली बैठकीतल्या पीसीवर आहे, त्याचं यूएसबी लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही) पीसीच्या मागे लावलेलं, त्यामुळे ते उचलून लॅपटॉपवर नेता येत नाही. मूल लहान आहे, ते झोपलं की ताई वरच्या खोलीत लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉप लावतात आणि खालच्या पीसीवर काम करतात. भाच्याने दोन वर्षांपूर्वी लावून दिलं होतं, तेव्हा पीसीचं नाव टाकलं की उघडायचं. यंदा पावसाळ्यात वीज पडली तेव्हा नेटचा डबा जळला, कंपनीच्या माणसाने नवीन बसवला, आणि वर रेंज येत नाही म्हणून त्याच आठवड्यात यांनी वरच्या खोलीत स्वतःचा एक राउटर आणून लावला. तेव्हापासून नाव टाकलं की कॉम्प्युटर सापडत नाही असं येतं. भाच्याने फोनवरून आयपी, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा पीसीचा नंबर, टाकायला सांगितला, 192.168.1.7, तो कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवला, चार दिवस चालला, मग लाईट गेली-आली आणि तोही बंद. सकाळी कधीकधी लागतं, रात्री जवळजवळ कधीच नाही. एकदा लागलं तर युजरनेम-पासवर्ड चुकीचा म्हणालं. आणि लागलं की खाली पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांचा स्क्रीन लॉक होतो, ते रागावतात. नेटवाला भैय्या म्हणाला, "मैडम, राउटर में पोर्ट खोल देता हूँ, फिर कहीं से भी चलेगा." ताईंना माहेरी देवासला गेल्यावरही काम करायचं असतं म्हणून त्या विचारतायत की पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून पीसीपर्यंत यायचं दार, उघडू द्यावा का, आणि नाहीतर सरळ नवा पीसीच घेऊन टाकावा का.

ताई, भैय्याला आजच नको म्हणून सांगा. का ते खाली सांगते, पण आधी नको म्हणा, कारण ही गोष्ट एकदा करून ठेवली की लोक विसरून जातात आणि ती तशीच राहते. आणि पोर्ट उघडून तुमचा रात्रीचा प्रश्न सुटणारही नाही, तो घरातल्या घरातला आहे, त्याचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंधच नाही. घरात नेट बंद असलं तरी वरचा लॅपटॉप आणि खालचा पीसी एकमेकांशी बोलू शकतात, मधे फक्त तुमचे राउटर चालू पाहिजेत.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला ही एकच अडचण वाटतेय पण यात चार-पाच वेगवेगळ्या आहेत, आणि सगळ्या पावसाळ्यानंतर एकदमच आल्या म्हणून गोंधळ झालाय. तुम्ही एक दुरुस्त करता तेवढ्यात दुसरी आडवी येते, मग वाटतं की पहिलं केलं ते चुकलंच, म्हणून ते परत उलटं करता. असं करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, काय बदललं ते वहीत लिहा, मग बघा.

रात्रीचं आधी बघू. सकाळी सासरे पीसीवर बसलेले असतात म्हणजे पीसी जागा असतो. रात्री ते नऊ-साडेनऊला पीसीवरून उठतात, तुम्ही मुलाला झोपवून अकराला वर लॅपटॉप उघडता, तोपर्यंत पीसी स्लीपमध्ये गेलेला असतो आणि झोपलेला पीसी रिमोट डेस्कटॉपला उत्तर देत नाही. तुम्हाला लॅपटॉपवर जो मेसेज दिसतो तो मात्र सगळ्याला सारखाच असतो, पीसी बंद असो, झोपलेला असो, नंबर चुकीचा असो, तो म्हणतो कनेक्ट होता येत नाही. म्हणून मेसेजवरून काही कळत नाही, वेळेवरून कळतं, आणि तुम्ही वेळ लिहिलीत हे फार बरं केलंत. सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, त्यात पॉवर अँड स्लीप. स्क्रीन दहा मिनिटांनी बंद झाला तरी काही बिघडत नाही, स्लीप मात्र वाढवा. रात्रभर चालू ठेवायचा जीव होत नसेल तर नेव्हर करू नका, चार तास ठेवा, तुमच्या वेळेला तेवढं पुरतं. लाईट जाऊन आली की पीसी आपोआप सुरू व्हावा असंही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या पीसीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, ठेवता येतं, बऱ्याच मदरबोर्डवर वीज परत आल्यावर काय करायचं असा एक ऑप्शन असतो, पण त्यात तुम्ही स्वतः शिरू नका, भाचा आला की त्याच्याकडून करून घ्या.

आता कालनिर्णयच्या मागचा नंबर. तो पीसीचा कायमचा नंबर नाहीये. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर काही वेळासाठी वापरायला देतो, आणि लाईट जाऊन आली की जो आधी जागा होतो त्याला आधी मिळतो, तुमचा 7 आता कदाचित सासऱ्यांच्या मोबाईलकडे असेल नाहीतर टीव्हीकडे. म्हणून लाईट गेली-आली आणि तो नंबर चालेनासा झाला. पीसीवर जाऊन स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करा, काळी खिडकी उघडेल, तिथे इंग्रजीत आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून एंटर दाबा, आयपीव्ही4 ॲड्रेसच्या पुढे आजचा नंबर दिसेल. तो नंबर 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरने काही दिलंच नाही, वायर सैल आहे का बघा आणि पीसी रीस्टार्ट करा.

हा नंबर कायमचा करायचा तर राउटरमध्ये करावा, पीसीमध्ये नको. पुष्कळ जण पीसीच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने नंबर ठोकून देतात, चालतं ते, पण उद्या परत डबा बदलला आणि त्याची नंबरांची रांग वेगळी निघाली की पीसी एकटा पडतो आणि कारण कुणाला आठवत नाही. राउटरमध्ये केलं तर सगळं एका जागी राहतं. डब्याच्या खाली स्टिकर असतो, त्यावर ॲड्रेस आणि पासवर्ड छापलेला असतो, ब्राउझरमध्ये तो ॲड्रेस टाका, बहुतेक 192.168.1.1 असेल, आत डीएचसीपी नावाचा, म्हणजे नंबर वाटायचा, भाग शोधा, त्यात ॲड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज असं काहीतरी असेल. तिथे पीसीचा मॅक ॲड्रेस (यंत्राची स्वतःची ओळख सांगणारा नंबर) आणि तुम्हाला हवा तो नंबर जोडून द्यायचा. मॅक ॲड्रेस त्याच काळ्या खिडकीत मिळतो, आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून स्लॅश आणि ऑल, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या दिसतील, फिजिकल ॲड्रेस म्हणून. एक लक्षात ठेवा, पीसीला वायरचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, पीसी ज्याने जोडलाय त्याचाच घ्या.

पण तुमच्या घरातली खरी गाठ वरच्या राउटरमध्ये आहे, आणि ही मी इतक्या घरांत बघितलीय की थोडं सविस्तर सांगते.

तुम्ही रामबागेतले जुने वाडे पाहिले असतील ना, बाहेरचा मोठा दरवाजा, मधे चौक, आणि मग आत एकेक बिऱ्हाड. तुमच्या घरी आधी एकच डबा होता, म्हणजे सगळे चौकात बसलेले, कुणीही कुणाला नावाने हाक मारावी आणि त्याने ओ द्यावी. घरातल्या नेटवर्कवर कॉम्प्युटरचं नाव खरोखर असंच शोधतात, लॅपटॉप सगळ्यांना ओरडून विचारतो की या नावाचा कोण आहे, आणि पीसी म्हणतो मी. मग तुम्ही वर दुसरा राउटर लावला, त्याच्या वॅन लिहिलेल्या खाचेत खालच्या डब्याची वायर घातली, आणि वर एक वेगळं बिऱ्हाड तयार झालं, स्वतःच्या दारासकट. आता लॅपटॉप आत बसून हाक मारतो ती दाराबाहेर चौकात जातच नाही. म्हणून नाव चालत नाही. नंबर घेऊन दाराबाहेर जाता येतं, म्हणून आयपीने चार दिवस लागलं. आणि खालून वर मात्र कुणालाच येता येत नाही, कारण बिऱ्हाडाचं दार आतून बंद आहे, उद्या प्रिंटर वर ठेवलात तर खालच्या पीसीला तो दिसणार नाही.

हे खरंच असं आहे का ते दोन मिनिटांत कळतं. वर लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग करा, खाली पीसीवर करा, दोन्ही नंबर शेजारी शेजारी लिहा आणि तिसरा आकडा बघा. वर 192.168.0.काहीतरी आणि खाली 192.168.1.काहीतरी असेल तर मी म्हणते तेच आहे. दोन्हीकडे तिसरा आकडा 1 च असेल आणि तरी वर वेगळा राउटर असेल तर जास्त वाईट, कारण मग लॅपटॉपला वाटतं 192.168.1.7 इथेच वर कुठेतरी आहे, तो वरच शोधत बसतो, खाली उतरतच नाही. आणि कधी लॅपटॉपने जिन्यात खालचं वायफाय पकडलं की एकदम लागतं, मग माणूस म्हणतो कधी लागतं कधी नाही. काही राउटर ही टक्कर ओळखून स्वतःचा आकडा बदलून घेतात, सगळे घेत नाहीत.

उपाय असा की वरच्या राउटरने राउटरपणा सोडायचा, फक्त वायफाय द्यायचं, नंबर वाटायचं काम खालच्या एकट्या डब्याकडे ठेवायचं. आजकालच्या बऱ्याच राउटरमध्ये ऑपरेशन मोड नावाची सेटिंग असते, तिथे ॲक्सेस पॉइंट निवडलं की झालं, तो रीस्टार्ट होतो आणि वरचं बिऱ्हाड परत चौकात येतं. तसा ऑप्शन नसेल तर जुनी पद्धत आहे, आणि तिच्यात क्रम महत्त्वाचा. आधी वरच्या राउटरचा स्वतःचा लॅन ॲड्रेस, म्हणजे घरातल्या बाजूचा नंबर, बदलून 192.168.1.2 करायचा म्हणजे खालच्याशी टक्कर नको, मग त्याच्यातलं डीएचसीपी बंद करायचं, आणि मग खालून आलेली वायर वॅनच्या खाचेतून काढून लॅनच्या खाचेत घालायची, चार एकसारख्या असतात त्यातल्या कुठल्याही. डीएचसीपी आधी बंद केलंत तर लॅपटॉपला नंबर मिळत नाही आणि राउटरच्या पानावर परत जाता येत नाही, मग मागच्या छिद्रात टाचणी खुपसून रीसेट करावं लागतं. तसं झालंच तर घाबरू नका, फक्त पहिल्यापासून करायचं. दोन्ही वायफायना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिलात तर फोनही वर-खाली आपोआप बदलत राहतात.

हे करताना वरच्या राउटरमध्ये गेस्ट नावाचं वायफाय चालू नाही ना ते बघा. गेस्टवर जोडलेल्या यंत्राला नेट मिळतं पण घरातली बाकीची यंत्रं दिसत नाहीत, ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं. माझ्या माहेरी लोकमान्यनगरात भावाने दोन दिवस फायरवॉल, म्हणजे पीसीत कुणाला येऊ द्यायचं ते ठरवणारी राखण, उलटीपालटी केली, आई दर तासाला विचारायची झालं का रे, आणि शेवटी निघालं काय तर लॅपटॉप गेस्टवर जोडलेला होता, पासवर्ड सोपा होता म्हणून कुणीतरी तोच टाकून दिला होता. काही राउटरमध्ये एपी आयसोलेशन म्हणूनही एक टिक असते, तिचं कामही तेच, ती काढा.

आता पीसीकडे. नवा डबा आला म्हणजे विंडोजसाठी ते नवीन नेटवर्क, आणि अनोळखी नेटवर्कला विंडोज पब्लिक समजतं, म्हणजे जणू पीसी स्टेशनवर बसलाय असं मानून दारं लावून घेतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे तुमच्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज उघडा आणि प्रायव्हेट करा. मग सेटिंग्जमध्येच सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप, ते चालू आहे का बघा, कुठल्यातरी अपडेटने नाहीतर घरातल्या कुणी बंद केलेलं असू शकतं. (तुमचं आधी चालत होतं म्हणजे तुमच्याकडे विंडोज प्रो आहे. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, होम एडिशनमध्ये हे बटण चालत नाही. होमवरून दुसरीकडे जाता येतं, पण होमवर बाहेरून येता येत नाही. होम असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरा, आणि होमला प्रोसारखं वागवणारे पॅच नेटवर मिळतात ते टाकू नका.)

एवढं झालं की तपासायचं कसं? सगळे जण पिंग करायला, म्हणजे पीसीला नुसती हाक मारून ओ येते का बघायला, सांगतात, पण पिंगला उत्तर न देणं हेही फायरवॉलचं काम असू शकतं, म्हणून पिंग नाही आलं म्हणजे रस्ता बंद असं नाही. त्यापेक्षा लॅपटॉपवर पॉवरशेल उघडा, तीही काळ्या खिडकीसारखीच एक खिडकी, तिथे टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection), मग पीसीचा नंबर, मग डॅश पोर्ट, मग 3389, सगळं इंग्रजीत, मधे जागा सोडून. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर रस्ता मोकळा आहे, पीसी दारात उभा आहे, आता जे अडेल ते पासवर्डचं. फॉल्स आलं तर अजून रस्त्यातच काहीतरी आहे, झोप, नंबर, दुसरा राउटर किंवा फायरवॉल, पासवर्डला हात लावू नका. ही एक ओळ तुमचे तास वाचवेल, कारण इथून कळतं की कुठल्या बाजूला बघायचं. फॉल्स येत असेल आणि बाकी सगळं बरोबर असेल तर पीसीवर वेगळा अँटीव्हायरस आहे का बघा, त्याची स्वतःची फायरवॉल असते, त्यात रिमोट डेस्कटॉपला परवानगी द्यायची. फायरवॉल पूर्ण बंद करून पाहू नका, पाहिलीत तर पाच मिनिटांत परत चालू करा.

पासवर्ड चुकीचा म्हणाला त्याचं कारण मला जवळजवळ नक्की माहितीय, तुम्ही पिन टाकला असणार. पीसीसमोर बसून आपण जो चार आकडी पिन टाकतो तो फक्त त्या यंत्रापुरता असतो, रिमोट डेस्कटॉपला पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. आणि ज्या अकाउंटला पासवर्डच नाही त्यालाही विंडोज बाहेरून येऊ देत नाही. सासऱ्यांनी कधी मायक्रोसॉफ्ट अकाउंट लावून घेतलं असेल तर आणखी घोळ होतो, तिथे ईमेल आणि त्याचा पासवर्ड लागतो, आणि साइन-इन ऑप्शन्समध्ये फक्त विंडोज हेलोने साइन-इन करू द्या असा एक स्विच असतो तो बंद असावा लागतो. या सगळ्यात न पडता मी तुमच्या जागी असते तर पीसीवर स्वतःसाठी एक वेगळं लोकल अकाउंट बनवलं असतं, चांगला लांब पासवर्ड देऊन, साधं, ॲडमिन नसलेलं. मग रिमोट डेस्कटॉपच्या त्याच पानावर कुणाला परवानगी आहे ती यादी असते, तिच्यात हे नाव घालायचं, कारण ॲडमिनला आपोआप परवानगी असते, साध्या अकाउंटला द्यावी लागते. लॅपटॉपवरून जाताना नाव लिहिताना आधी पीसीचं नाव, मग उलटा स्लॅश, मग तुमचं युजरनेम असं लिहा. नवीन अकाउंटमध्ये फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडतंय ना ते आधी खाली पीसीसमोर बसून बघून घ्या, आणि मग एकदा वरूनही, कारण लॉकवाली काही सॉफ्टवेअर रिमोटमधून उघडायला नकार देतात. तुमचं आधी चालत होतं म्हणजे बहुतेक चालेल.

सासऱ्यांच्या स्क्रीनचं वेगळं आहे, तो बिघाड नाहीच. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो, तुम्ही वरून आलात की खालचा स्क्रीन लॉक होतो, हे तसंच बनवलेलं आहे. आत्ता तुम्ही दोघं एकच अकाउंट वापरता म्हणून त्यांना काही न विचारता लॉक होतं. वेगळं अकाउंट केलंत तर तुम्ही येताना त्यांच्या स्क्रीनवर विचारणा येईल की दुसऱ्याला येऊ द्यायचं का, ते नाही म्हणू शकतात. पण त्यांनी अर्ध्या मिनिटात काहीच केलं नाही तर विंडोज तुम्हाला आत घेतं. त्यांच्या उघड्या खिडक्या तशाच राहतात, परत साइन-इन केलं की पेपर त्याच पानावर. त्यांना हे एकदा नीट दाखवा, शेजारी बसून, तुमच्या लॅपटॉपवरून लावून आणि बंद करून. म्हाताऱ्या माणसासमोर स्क्रीन एकदम काळा-निळा झाला की त्याला वाटतं आपल्याकडून काही बिघडलं, आणि मग तो राग वाटतो तो राग नसतोच.

आता पोर्ट. भैय्याने वाईट हेतूने सांगितलं नसणार, पण 3389 हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट आहे आणि इंटरनेटवर दिवसरात्र असे प्रोग्रॅम फिरत असतात जे एकेक पत्ता ठोठावून बघतात की हा कुठे उघडा आहे. सापडला की पासवर्ड लावून बघत बसतात, थकत नाहीत. पासवर्ड लागला तर ते तुमच्या पीसीसमोर बसल्यासारखेच, सगळ्या फायली लॉक करून पैसे मागणारे लोक ज्या वाटांनी शिरतात त्यातली ही एक मोठी वाट आहे. आणि पासवर्ड चांगला असला तरी पुरेसं नाही. 2019 च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाचं भोक सापडलं, विंडोज 7 आणि त्याआधीच्या विंडोजमधल्या याच रिमोट डेस्कटॉपमध्ये, त्यात पासवर्ड न टाकताच आत येता येत होतं. ते इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसाठीही पॅच, म्हणजे भोक बुजवणारं ठिगळ, काढला, ज्याचा सपोर्ट 2014 मध्येच संपला होता. तुम्ही लिहिलंय तुमच्या पीसीवर विंडोज 10 आहे, त्याला ब्लूकीप लागू नाही, पण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चाही नेहमीचा सपोर्ट संपला, उद्या नवीन भोक सापडलं तर आपोआप पॅच येईलच असं नाही. तुमच्या ग्राहकांच्या पत्रिका, त्यांचे पत्ते, फोन नंबर, सासऱ्यांच्या बँकेची कागदपत्रं, सगळं त्याच पीसीवर. 3389 ऐवजी दुसरा कुठला आकडा ठेवतो असं भैय्या म्हणेल, त्यानेही काही होत नाही, शोधणारे सगळे आकडे शोधतात.

शिवाय पोर्ट उघडूनही ते चालेलच असं नाही. जगातले जुन्या पद्धतीचे आयपी नंबर एकूण साधारण 429 कोटी, ते कधीच अपुरे पडले, म्हणून पुष्कळ नेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा नंबर देतात. राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट आयपी बघा, तो 100.64 ते 100.127 च्या मधे कुठला असेल तर तुम्ही अशाच मोठ्या वाड्यात राहता, आणि त्याचा मोठा दरवाजा तुमच्या हातात नाही, कंपनीच्या हातात आहे. तिथे तुमच्या राउटरमध्ये पोर्ट उघडून काही उपयोग होत नाही.

देवासहून काम करायचं तर टेलस्केल वापरा, तुमच्या दोन यंत्रांना इंटरनेटवरून खाजगी वाटेने जोडणारं सॉफ्टवेअर आहे ते. ते वायरगार्ड नावाच्या पद्धतीवर चालतं, घरगुती वापराला फुकट आहे. पीसीवर टाका, लॅपटॉपवर टाका, दोन्हीकडे एकाच अकाउंटने साइन-इन करा, दोघांना 100 ने सुरू होणारा एकेक नंबर मिळतो आणि तो बदलत नाही. देवासला बसून रिमोट डेस्कटॉपमध्ये तो नंबर टाकायचा, बस. राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही कारण दोन्ही यंत्रं आतून बाहेर येऊन एकमेकांना भेटतात. ज्या अकाउंटने साइन-इन कराल त्याला टू-स्टेप लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, तेवढं करा. खरं म्हणजे हे घरातही चालेल, दोन राउटर असले तरी, पण म्हणून वरचा राउटर तसाच सोडू नका, प्रिंटर आणि बाकीच्या गोष्टी अडकत राहतील.

दुरून कॉम्प्युटर किंवा फोन चालवायचे एनीडेस्क वगैरे ॲपही चालतात आणि चांगले आहेत, पण तुमच्या घरी दुपारी सासरे एकटे असतात म्हणून एक सांगून ठेवते. 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं, ॲपमध्ये खोट नव्हती, फोन करणारा माणूस बँकेचा आहे असं सांगून ॲप टाकायला लावतो आणि कोड मागतो. सासऱ्यांना सांगा की रिमोटचा कोड तुम्ही किंवा भाचा सोडून कुणालाही द्यायचा नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी. आणि काही झालंच तर लाजून बसू नका, लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

नवा पीसी आत्ता घेऊ नका. घ्यायचाच असेल तर सिल्वर मॉलला जायच्या आधी फॉन्टच्या कंपनीला विचारा की तुमच्या लॉकचा ड्रायव्हर विंडोज 11 वर चालतो का, नाहीतर नवा पीसी येईल आणि जुनी कामं उघडणार नाहीत, मग ऐन लग्नसराईत धावपळ. खर्च करायचाच असेल तर पीसीला वायफायऐवजी डब्यापासून लॅनची वायर ओढून घ्या. रिमोट डेस्कटॉप पीसीकडून एकदा वायफायने डब्यापर्यंत येतं आणि वर परत एकदा वायफायने, दोनदा हवेतून, म्हणून माऊस हलवला की पान एक क्षण मागे राहतं, आणि पत्रिकेतली एखादी वेलांटी नीट बसवताना तो एक क्षण फार त्रास देतो. खालची वायर टाकली की निम्मा रस्ता पक्का होतो. वर लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवाल्या वायफायवर ठेवा, राउटर त्याच खोलीत आहे तर रेंजची अडचण नाही. आणि रिमोटची खिडकी फुल स्क्रीन ठेवूनच काम करा, लहान खिडकीत असताना ऑल्ट-टॅब लॅपटॉपच स्वतःकडे घेतो, पीसीपर्यंत पोचत नाही.

आज रात्री फक्त स्लीपचं तेवढं करा आणि दोन्हीकडचे नंबर वहीत लिहून काढा. वरच्या राउटरला रविवारी दुपारी हात घाला, मुलाला सासूबाईंकडे देऊन, आणि त्या दिवशी कुठली पत्रिका द्यायची नाही असं बघून.